टीव्ही आहे तिथं

दिवाळीपासून तुडवून तुडवून घट्ट केलेले मिठाचे वाफे एका दुपारच्या अवकाळीनं पार चिखल करून टाकले. दलसुख बांधावर उभा राहून नुसता बघत होता. शिवी द्यायचंसुद्धा त्याला सुचत नव्हतं. शेवटी त्याची आई, जीवतीबा, गुडघे धरत खोपटाबाहेर आली आणि म्हणाली, "बघून सुकणार आहे का ते? पाय घाल."

पाय घालायचे म्हणजे पुन्हा पहिल्यापासून तुडवायचं. कच्छच्या रणात वाफ्याचा तळ पायांनीच घट्ट करतात. टाच, चवडा, टाच, चवडा, वीतभरही जागा न सोडता. तळ सैल राहिला की विहिरीतून उपसलेलं खारं पाणी जमीनच पिऊन टाकते आणि मीठ धरत नाही. एका माणसाच्या पायांना ते काम पुरं पडत नाही, आणि जीवतीबाचे गुडघे तर कधीच कामातून गेले होते. उरली सून. रंभा.

पण रंभाला शाळा होती. मोसमात घरंच्या घरं रणात येतात, पोरंही मागोमाग येतात, म्हणून आगरांच्या मधोमध एक मोडीत निघालेली एसटी आणून उभी केली होती. आतली बाकडी काढून सतरंज्या अंथरल्या होत्या, टपावर सोलरचे पत्रे चढवले होते, आणि ड्रायव्हरच्या जागी हा थोरला टीव्ही बसवला होता. रंभा बारावी शिकलेली, म्हणून ती तिथली बेन, म्हणजे मास्तरीण. टीव्हीला बोटाएवढी पेनड्राइव्हची काडी लावली की धडे सुरू व्हायचे. चित्रं हलायची, एक गोड आवाज ओळ वाचायचा, ओळ पडद्यावर पिवळी व्हायची, आणि पोरांनी तीच ओळ पाठोपाठ म्हणायची. सुरुवातीला रंभा त्याच्या बाजूला उभी राहून शिकवायची. धडा मध्येच थांबवून विचारायची, पाटीवर लिहून घ्यायची. मजा यायची तिलाही.

"चार दिवस ये गं वाफ्यात," दलसुख म्हणाला. "तुझी शाळा काय पळून जाते?"

"अहो, पोरांचं काय करू मग? कोंडून ठेवू?"

"टीव्ही आहे की. तुझ्यापेक्षा बरा शिकवतो. निदान ओरडत तरी नाही."

जीवतीबा चुलीपाशी बाजरीचा रोटला थापत होती. तिची थाप जरा थांबली. "सून शाळेत आणि सासू वाफ्यात, असं झालं तर लोक काय ते बोलतीलच," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "मी जाते. पडले तर उचला."

एवढं ऐकल्यावर रंभा काय करणार? दुसऱ्या दिवशी तिनं टीव्ही लावला, आवाज मोठा केला, पोरांना म्हणाली, "जो आवाज कमी करेल त्याची खैर नाही. मी इथंच आहे." आणि साडी गुडघ्यापर्यंत खोचून ती वाफ्यात उतरली.

रणातला माणूस यंत्र कानानं राखतो. तेलाचे पंप होते तेव्हापासूनची ही खोड. पंप विहिरीवर धडधडत असतो आणि मालक लांब वाफ्यात दाताळं ओढत असतो; मान वर करून बघत नाही. ठेका बिघडला, की तो पळत सुटतो. ठेका चालू आहे, तोवर सगळं ठीक आहे. झाड नाही, भिंत नाही, आवाज कुठच्या कुठं जातो. रंभा त्या ठेक्यातच वाढलेली. तिनं वर्गही तसाच राखला. बसमधून पोरांचा एकसुरी गलका यायचा, आणि त्या गलक्याच्या वर एक खणखणीत आवाज यायचा, गगीचा. तो आवाज कानावर पडला की रंभाची टाच पुन्हा चालू लागायची.

गगी ही वजूकाकीची पोर. नवरा गेल्यापासून वजूकाकी शेजारचं आगर एकटीच ओढत होती. पोर दहा वर्षांची झाली तशी तिच्या हातात दाताळं द्यायचं तिनं ठरवलंही होतं. अवकाळीच्या आठवडाभर आधी रंभानंच मोडता घातला.

"काकी, हिला मला द्या. फाल्गुनात तालुक्याला निवासी शाळेची परीक्षा आहे. पास झाली तर दहावीपर्यंत तिथंच राहील, जेवेल, शिकेल. पाचवीतच देता येते हो, पुढच्या साली वय निघून जाईल."

"होईल पास?"

"नाही झाली तर नाव बदलीन मी."

वजूकाकी हसली होती. "तू बदलून काय ठेवशील? ने. माझं मी ओढीन."

तर अशी ही गगी. रंभा वाफ्यात जायला लागली तसं तिनं गगीला वर्गाची मुख्य केलं. रिमोट तिच्या हातात दिला आणि मागच्या दारात बसवलं. दारात बसवण्याचं कारण वेगळं होतं. तालुक्याचे साहेब कधीमधी जीप घेऊन यायचे. गगीचे कान असे तिखट, की जीपची धूळ दिसायच्या आधी तिला घरघर ऐकू यायची. ऐकू आली की तिनं थाळी वाजवायची आणि रंभानं धावत यायचं. हे ठरवताना रंभाला लाज वाटली होती. पण चार दिवसांचाच तर प्रश्न होता.

चार दिवसांचे पंधरा झाले. तुडवणं संपलं, पाणी चढलं. मग पाण्यावर मिठाची साय धरायला लागली, आणि साय धरली की रोज दाताळं फिरवावं लागतं, नाहीतर मिठाची लादी होते. दलसुख आता बोलवतही नव्हता. रंभा आपणहून टीव्ही लावून यायची. सवय लागायला कितीसा वेळ लागतो!

एकदा थाळी वाजली. रंभा वाफ्यातून धावली ती तशीच. जीप येऊन थांबायच्या आत बसमध्ये चढली, टेबलामागे उभी राहिली आणि पोटऱ्यांपर्यंत चढलेला पांढरा चिखल साडीनं झाकून घेतला. साहेब चांगले होते. पोरांनी धाड धाड ओळी म्हणून दाखवल्या.

"ती मागची मुलगी," साहेब म्हणाले. "तू म्हण बघू एकटी."

टीव्हीनं ओळ वाचायच्या आधीच गगीनं ती म्हटली. पुढचीही म्हटली. पूर्ण धडा म्हटला, आणि टीव्ही बिचारा तिच्या मागून येत राहिला.

"अरे वा! ही तर टीव्हीच्याही पुढं पळते!" साहेबांनी मोबाइल काढून तिचा व्हिडिओ घेतला. "बेन, तंत्रज्ञान वापरावं तर असं. बाकीच्या शाळांत टीव्हीवर नुसती धूळ असते."

रंभा हसली. पण त्याच वेळी तिला एक गोष्ट दिसली होती. धडा म्हणताना गगीचं तोंड टीव्हीकडे नव्हतंच. मान किंचित वाकडी, कान पुढे, आणि डोळे खिडकीतून कुठंतरी. ओळ हिरवी होते की पिवळी, तिला काही घेणंदेणंच नव्हतं. रंभाच्या मनात काहीतरी टोचलं. 'पाठ आहे तिला, म्हणून बघत नसेल,' असं म्हणून तिनं ते तिथंच दाबलं. साहेब गेले. पोटऱ्यांवरचा चिखल सुकून पायाला ओढ बसत होती. ती परत वाफ्यात गेली.

परीक्षेच्या दिवशी पाण्याच्या टँकरमधून दोघी तालुक्याला गेल्या. वजूकाकीनं पोरीला नवी ओढणी दिली होती आणि डब्यात रोटला आणि लसणाची चटणी. गगी वाटभर धडे म्हणत होती. टँकरवाला दाद देत होता. "ही मास्तरीणच होणार!"

"नाही, मी साहेब होणार. जीपमधून येणार," गगी म्हणाली. "रंभाबेनच्या शाळेला आधी कळवून येणार, म्हणजे थाळी वाजवायला नको."

टँकरवाला कशाला हसायचं ते न कळून हसला. रंभा समोर बघत राहिली.

शाळेच्या आवारात कडुनिंबाखाली आयाबाया बसल्या होत्या. रंभाही बसली. घंटा झाली, आत सामसूम झाली. वेळ भरायच्या आधीच शिपाई बाहेर आला. "रणातून आलेली पोर कुणाची? आत बोलावलंय."

परीक्षेवर देखरेख करणाऱ्या बाई पिकल्या केसांच्या होत्या. समोर गगीची उत्तरपत्रिका पडली होती. कोरी. एका कोपऱ्यात तिनं एक पान आणि एक मासा काढला होता.

"ओरडू नका पोरीला," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मी विचारलं, काय अडलं? तर म्हणते, हे बोलत नाही. मी म्हटलं, प्रश्नपत्रिका कशी बोलेल? वाच ना. तर नाकाला लावून बघते. तिला अक्षरच ओळखता येत नाही हो. एकही नाही. आणि डोळे! त्या भिंतीवर घड्याळ आहे म्हटलं, तर म्हणते कुठलं घड्याळ." बाईंनी चष्म्यातून रंभाकडे बघितलं. "पाचवीची पोर आहे ही. कोण शिकवतं हिला?"

गगीनं रंभाचं बोट धरलेलं होतं. बाहेर कुणीतरी पाण्याची बादली आपटली. रंभाला 'मी' म्हणायचं होतं. देवाशपथ म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"टीव्ही आहे तिथं."

गगीनं मान वर करून तिच्याकडे बघितलं. बोट मात्र सोडलं नाही, आणि ते धरलेलं बोट रंभाला जड झालं.

बाई भल्या. त्यांनीच सांगितलं की धर्मादाय दवाखान्यात डोळे फुकट तपासतात, आजच जा. तिथल्या डॉक्टरनं गगीच्या नाकावर लोखंडी चौकट ठेवली, तीत एकेक काच घालून बघितली. रंभा लांब दाराशी उभी होती.

"लांबचं दिसत नाही तिला. बऱ्याच दिवसांपासून असणार," डॉक्टर म्हणाला. "जवळचं उत्तम दिसतं. पुस्तक हातात दिलं असतं तर वाचली असती की. वर्गात मागं बसते का?"

रंभानं मान डोलावली.

"पुढं बसवायचं हो. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

त्यानं आणखी एक काच घातली आणि गगी दाराकडे बघून म्हणाली, "बेन, तुम्ही रडताय?"

"नाही गं. धूळ गेली."

"मला वाटायचं सगळ्यांनाच असं पुसटपुसट दिसतं," गगी म्हणाली. "म्हणून तर टीव्ही बोलतो, असं वाटायचं."

परतीच्या वाटेवर तिनं एकही धडा म्हटला नाही. रोटला तसाच डब्यात राहिला. रंभाला रात्रभर डोळा लागला नाही, आणि सकाळी ती कुणाला काही न सांगता वजूकाकीच्या आगरात गेली.

वजूकाकी दाताळं ओढत होती. मिठाचे खडे करकरत होते. गगी पलीकडच्या कडेला तिच्या उंचीपेक्षा मोठं दाताळं रेटत होती. कालपर्यंत हे तिच्या हातात नव्हतं.

"ये बेन," वजूकाकी म्हणाली. "पोरीनं सांगितलं सगळं. तू कशाला वाईट वाटून घेतेस? डोकंच नसेल तिचं त्यातलं. तू तुझ्याकडून केलंस. चहा घेणार?"

ह्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. रंभा बांधावर उभी राहिली. पायातली चप्पल काढावी की नको, एवढंसुद्धा तिला कळेना.

"काकी, तिचं डोकं चांगलं आहे. माझ्यापेक्षा चांगलं आहे. सगळं ऐकून पाठ केलं तिनं. मीच बसमध्ये नव्हते. तुम्ही तिला शिकायला पाठवलीत आणि मी तिला दारात राखण करायला बसवली. पुढं बसवली असती, पुस्तक हातात दिलं असतं, तर पहिल्या दिवशीच कळलं असतं. मी वाफ्यात होते. रोज."

"माहीत आहे की," वजूकाकी म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तू वाफ्यात असायचीस ते. इथून दिसायचीस ना. तुझी ती लाल साडी." तिनं दाताळं थांबवलं, पदरानं मान पुसली. "मला वाटलं, आता असंच शिकवतात."

रंभानं मागं वळून बघितलं; तिचा वाफा इथून लख्ख दिसत होता.

"आता बघ, तेलाचे पंप होते तेव्हा माणूस लागायचा," वजूकाकी समजावल्यासारखं सांगत होती. "आता सोलर आलं, आपोआप चालतं. तसंच शाळेचंही झालं असेल म्हटलं. आपल्याला काय कळतं? तू शिकलेली. तू रोज बाहेर, म्हणजे बाहेर राहायचीच पद्धत असेल." तिचा आवाज तिथं जरा फाटला. "पद्धत नव्हती होय ती?"

"नव्हती, काकी."

वजूकाकीनं दाताळं उचललं आणि इतक्या जोरात ओढलं की पाणी रंभाच्या अंगावर उडालं. "एवढा मोसम मी दोघींचं काम ओढलं," ती म्हणाली. "कंबर बघ माझी. रात्री कुशीवर वळता येत नाही. का ओढलं? पोर शिकतेय म्हणून." आणि मग, "जा बेन तू. आता मला बोलायला लावू नकोस."

रंभा गेली नाही. तिथंच बांधावर बसली. "हिला परत पाठवा," ती म्हणाली. "निवासी शाळा हुकली ती हुकली, माझ्यामुळं हुकली. पण मोसम संपायच्या आत हिला वाचता येईल. मी बसमधून हलणार नाही."

"आणि तुझा वाफा?"

"तो माझा मी बघेन."

पलीकडं गगीचं दाताळं थांबलं होतं. "काय ऐकतेस गं?" आई तिच्यावर खेकसली. "पाय धू जा. मीठ घेऊन बसमध्ये बसणार का?"

घरी दलसुखनं ऐकलं आणि ताट सरकवलं. "मीठ आता भरात आहे. पंधरा दिवसांनी काय ती शाळा कर. आत्ता लादी झाली तर व्यापारी हात लावणार नाही मालाला."

"पंधरा दिवसांनी लोक रण सोडायला लागतील. मग कुणाला शिकवू?"

"एका पोरीसाठी अख्खं घर..."

"एका पोरीसाठी नाही हो. सगळ्यांना तपासलं मी मघाशी. आवाज बंद करून ओळ दाखवली. निम्म्या पोरांना वाचता येत नाही. नुसती ओरडतात." त्यानं सरकवलेलं ताट तिनं उचललं. "मी लांबून ऐकायची आणि म्हणायची, चाललंय."

दलसुख उठून बाहेर गेला. जीवतीबा कोपऱ्यात गुडघ्यांना तेल चोळत होती. सकाळी रंभा उठली तेव्हा खोपटाबाहेरचं दुसरं दाताळं जागेवर नव्हतं.

बसमध्ये आता गलका नव्हता. रंभानं आवाज बंद केला होता. रिमोटवरचं थांबवायचं बटण एवढं कामाचं असतं हे तिला पुन्हा नव्यानं कळत होतं. पडद्यावर एकच ओळ थांबलेली. पोरं एकेक करून पुढं येत होती, अक्षरावर बोट ठेवत होती. ज्याला येईना त्याला रंभा पाटीवर तेच अक्षर गिरवायला देत होती आणि मग टीव्हीचा आवाज चालू करून ऐकवत होती. फार हळू चाललं होतं. एका सकाळीत पूर्वी चार धडे व्हायचे, आता दोन ओळीही होत नव्हत्या. एक-दोघं कंटाळून म्हणाली, "बेन, पहिल्यासारखं लावा ना. मजा यायची." रंभानं लावलं नाही.

चार-सहा दिवसांनी टँकरवाल्यानं चष्मा आणून दिला. दोरीनं मागं बांधलेला, गगीच्या नाकावरून घसरणारा. ती सगळ्यात पुढं, रंभाच्या मांडीला मांडी लावून बसली. पडद्यावर नवी ओळ होती, तिनं कधी न ऐकलेली. आवाज बंदच होता. रंभानं मुद्दामच तसं केलं होतं.

गगीनं बोट वर धरलं. "पा," ती म्हणाली. मग थांबली. पुढचं अक्षर तिच्या ओठांवर येत होतं आणि माघारी जात होतं.

खिडकीतून रंभाचा वाफा दिसत होता. दलसुख एका कडेला होता, आणि दुसऱ्या कडेला जीवतीबा दाताळ्याच्या दांड्यावर दोन्ही हात टेकून उभी होती. तिनं एकदा ओढलं. पुन्हा थांबली. मग तिचा एक गुडघा वाकला आणि ती हळूच खाऱ्या पाण्यात खाली बसली. दलसुखचं तिकडं लक्ष नव्हतं, त्याची पाठ होती. रंभाचा हात सतरंजीवर टेकला, उठण्यासाठी.

"बेन, तिकडं काय बघता?" गगी म्हणाली. तिचं बोट अजून हवेतच होतं. "इकडं बघा ना. आता येतंय मला."

जीवतीबा दाताळ्याला धरून उठायला बघत होती. रंभानं खिडकीकडून तोंड फिरवलं.

"बघतेय," ती म्हणाली. "वाच."